कुशच्या कंदाकेंपासून याआ असांतेवापर्यंत: आफ्रिकेतील राज्यकर्त्या स्त्रियांवरील कार्डसंचाचे परीक्षण

आफ्रिकेतील राज्यकर्त्या आणि लढवय्या स्त्रियांची ओळख करून देणारा हा सचित्र कार्डसंच शाळा, वाचनगट आणि जिज्ञासू कुटुंबे यांच्यासाठी तयार केलेला आहे. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात २४ मोठी कार्डे, घडीचा नकाशा, भिंतीवर लावण्याजोगा लांब कालपट आणि एक छोटी पुस्तिका एवढे साहित्य मिळते. प्रत्येक कार्डाच्या दर्शनी बाजूस त्या राणीचे रंगीत चित्र आहे, तर मागे तिच्या काळाची, राज्याची आणि कर्तृत्वाची थोडक्यात माहिती आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: संच अवश्य घ्यावा असा आहे, कारण सुदानमधील कुश राज्याच्या राण्यांना इतकी जागा देणारे सर्वसामान्यांसाठीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र जेथे पुरावा सर्वात भक्कम आहे, नेमक्या तेथेच चित्रकाराने आणि मजकूर लिहिणाऱ्याने पुराव्यापेक्षा कल्पनेवर अधिक विश्वास टाकला आहे. ही तक्रार किरकोळ नाही, आणि या परीक्षणाचा बराचसा भाग तिनेच व्यापला आहे.

कुशचे राज्य आजच्या सुदानमध्ये नाईलच्या काठी उभे राहिले आणि त्याचे केंद्र आधी नापाता व पुढे दक्षिणेकडील मेरोए येथे होते. इसवी सनपूर्व आठव्या शतकात कुशच्या राजांनी इजिप्त जिंकून तेथे पंचविसावे राजघराणे स्थापन केले, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्या घराण्यातही राजाच्या आईचे आणि बहिणीचे स्थान किती मोठे होते, हे फारसे सांगितले जात नाही. पुस्तिकेने ही उणीव चांगली भरून काढली आहे. तहार्का राजाने आपल्या शिलालेखात, आपण सिंहासनावर बसलेले पाहण्यासाठी आई दक्षिणेतून प्रवास करून इजिप्तमध्ये आली, हे अभिमानाने नोंदवले आहे. इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास राज्यावर आलेल्या अस्पेल्ता राजाच्या निवडीचा शिलापट तर आपला हक्क सिद्ध करण्यासाठी आईच्या बाजूच्या स्त्रियांची परंपरा सात पिढ्यांपर्यंत मोजतो. त्या शिलापटावरील नावे पुढे कोणीतरी टाकीने खोडून काढली, पण पिढ्या मोजलेल्या अजून दिसतात. राजाचा हक्क स्त्रियांच्या परंपरेवरून सांगण्याची ही रीत आधीपासून रुजलेली होती म्हणूनच पुढे स्त्रिया स्वतः गादीवर बसल्या, तेव्हा ती गोष्ट आकाशातून पडल्यासारखी घडली नाही. पुस्तिका हा धागा नीट विणते, आणि तेवढ्यासाठी तिच्या लेखकाचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

कंदाके ही कुशच्या राजघराण्यातील श्रेष्ठ स्त्रीची पदवी होती. ग्रीक आणि रोमन लेखकांनी ती एकाच राणीचे विशेषनाम समजून वापरली, आणि ख्रिस्ती धर्मग्रंथातील प्रेषितांच्या कृत्यांमध्येही कंदाकेच्या खजिनदाराचा उल्लेख येतो. ज्या राण्यांनी प्रत्यक्ष राज्य केले, त्यांच्या नावाआधी कंदाकेबरोबरच ‘कोरे’ म्हणजे राज्यकर्ता ही राजांचीच पदवी लागते. संचात मात्र सगळ्या कुशी स्त्रियांना सरसकट ‘कंदाके’ म्हटले आहे, त्यामुळे राजमाता कोण आणि सिंहासनावर बसलेली राज्यकर्ती कोण, हा फरक वाचकाच्या हाती लागत नाही. कार्डाच्या कोपऱ्यात एखादे चिन्ह छापले असते तरी काम झाले असते.

कुशची राणी अमानिरेनास हिचे कार्ड हे या संचाचे हृदय आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. इसवी सनपूर्व ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेले आणि रोमन सत्तेची सरहद्द कुशला येऊन भिडली. काही वर्षांतच, इजिप्तमधील रोमन फौजेचा एक भाग अरबस्तानच्या मोहिमेवर गेलेला असताना, कुशच्या सैन्याने सायीनी म्हणजे आजचे असवान, त्यालगतचे एलिफंटाइन बेट आणि फिले ही ठाणी काबीज केली, तेथील लोकांना कैद केले आणि सम्राटाचे पुतळे पाडून आपल्याबरोबर नेले. इजिप्तचा रोमन सुभेदार पेट्रोनियस याने प्रतिहल्ला चढवला, एकेक ठाणे घेत तो नापातापर्यंत पोहोचला आणि ते शहर त्याने उद्ध्वस्त केले. परतताना प्रेम्निस येथील गडावर त्याने ४०० शिपायांची शिबंदी आणि दोन वर्षे पुरेल इतकी रसद ठेवली. राणी त्या गडावर हजारोंच्या सैन्यानिशी पुन्हा चालून गेली. पेट्रोनियस वेळेवर येऊन पोहोचला आणि मग तलवारींची जागा बोलण्यांनी घेतली. सीझरकडे, म्हणजे सम्राट ऑगस्टसकडे, जाऊन काय ते मागा, असे पेट्रोनियसने सांगितले, तेव्हा सीझर कोण आणि तो भेटतो कोठे हे आम्हांला माहीत नाही, असे कुशच्या वकिलांनी उत्तर दिले. शेवटी सोबत माणसे देऊन त्यांना सामोस बेटावर ऑगस्टसकडे पाठवण्यात आले, आणि तेथे त्यांनी मागितले ते सर्व त्यांना मिळाले. लादलेली खंडणीही माफ झाली.

हा सगळा वृत्तान्त त्याच काळातील ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने लिहून ठेवला आहे, आणि तो रोमच्या बाजूचा माणूस असल्यामुळे शेवटच्या तहाविषयीची त्याची कबुली अधिकच मोलाची ठरते. जिच्या नापाता शहराची राख झाली, तिच्याच वकिलांना इसवी सनपूर्व २१–२० च्या त्या तहात खंडणीमाफी मिळते, ही घटना कोणत्याही सजावटीविना थक्क करणारी आहे. कार्ड मात्र एवढ्यावर थांबत नाही. ‘अमानिरेनासने रोमचा पराभव केला’ असे ठळक अक्षरांत छापून नापाताच्या विध्वंसाला ते एका अर्ध्या वाक्यात गुंडाळते. रोमन सैन्याशी लढतानाच तिचा एक डोळा गेला, असेही ते ठामपणे सांगते. स्ट्रॅबो एवढेच म्हणतो की ही राणी पुरुषी वळणाची असून एका डोळ्याने आंधळी होती. डोळा कधी आणि कसा गेला, याविषयी तो काहीही लिहीत नाही. तो तिचे नावही सांगत नाही, केवळ कंदाके म्हणतो. ती कंदाके म्हणजेच अमानिरेनास हे अनुमान हामादाब येथील मोठ्या शिलापटासारख्या साधनांवर उभे आहे, ज्यावर अमानिरेनास आणि राजपुत्र अकिनिदाद यांची नावे एकत्र येतात. अनुमान सबळ आहे आणि बहुतेक अभ्यासक ते मानतात. त्याला अनुमान म्हटल्याने राणीचे तेज कमी होत नाही, उलट इतिहास कसा जुळवला जातो हे वाचणाऱ्या मुलाला त्यातून कळले असते.

याच कार्डाच्या मागील बाजूस ऑगस्टसच्या ब्राँझच्या मस्तकाचे छायाचित्र आहे आणि संपूर्ण संचातील ते सर्वात चांगले छायाचित्र आहे. सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीचे हे मस्तक १९१० मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टँग यांना मेरोए येथील उत्खननात मिळाले आणि आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काच आणि दगड बसवून केलेले त्याचे डोळे जसेच्या तसे राहिले आहेत, कारण हे मस्तक एका देवळाच्या पायऱ्यांखाली, उंबरठ्याशी वाळूत पुरलेले होते. आत जाणारा प्रत्येक जण रोमच्या सम्राटाच्या डोक्यावर पाय देऊन जाईल, अशी ती योजना होती, असे मानले जाते. छायाचित्र इतके स्वच्छ छापले आहे की पापण्यांच्या कडांचा धातू आणि बुबुळाभोवतीची रेघ वेगळी दिसते. पुतळ्यांच्या लुटीविषयी स्ट्रॅबोने लिहिलेले वाचावे आणि मग हे डोळे पाहावेत. लिखित शब्द आणि खणून काढलेली वस्तू एकमेकांना अशी साक्ष देताना क्वचितच आढळतात. येथे कार्डाने मजकूर आवरता घेऊन वस्तूला बोलू दिले आहे, आणि संचातील बाकीची कार्डेही याच पद्धतीने करायला हवी होती.

आता चित्रांविषयी. मेरोएच्या पिरॅमिडांच्या प्रार्थनागृहांतील भिंतींवर आणि नागा येथील सिंहदेव अपेदेमाकच्या देवळावर कुशच्या राण्या कशा दिसतात, हे आज कोणालाही छायाचित्रांतून पाहता येते. त्या रुंद खांद्यांच्या, भरदार मांड्यांच्या, जाडजूड बाहूंच्या आहेत. बोटांची नखे लांब आहेत, गळ्यात मोठ्या मण्यांच्या माळा आहेत, अंगावर काठाची जड वस्त्रे आहेत. हे शरीर चुकून तसे कोरलेले नाही. त्याच शिल्पकारांनी राजाला वेगळ्या बांध्याचे कोरले आहे, म्हणजे राणीचे हे वजनदार रूप त्यांनी जाणीवपूर्वक निवडले होते. समृद्धी, मातृत्व आणि सत्ता यांची ती दृश्य भाषा होती. नागाच्या देवळाचे प्रवेशद्वार पाहावे: दोन भव्य बुरुजांपैकी डावीकडे राजा नाताकामनी आणि उजवीकडे राणी अमानितोरे, दोघेही एकाच उंचीचे, दोघांनीही शत्रूंचा जुडगा केसांनी एका मुठीत धरलेला आणि दुसऱ्या हातात शस्त्र उगारलेले. राणीच्या पायाशी सिंह शत्रूवर झेपावलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील हे शिल्प आहे, आणि राजाने शत्रूवर शस्त्र उगारण्याची ही मुद्रा इजिप्तमध्ये त्याआधी तीन हजार वर्षे चालत आलेली होती. त्या प्राचीन मुद्रेत एक स्त्री राजाच्या बरोबरीने, तितक्याच मोठ्या आकारात उभी राहते, यापेक्षा अधिक स्पष्ट विधान दगडात करता येणार नाही.

संचाच्या चित्रकाराने अमानितोरेला सडपातळ, निमुळत्या कमरेची आणि वाऱ्यावर केस उडणारी तरुणी करून टाकले आहे. नखे लहान झाली आहेत, बाहू बारीक झाले आहेत आणि सिंह शोभेपुरता मागे बसला आहे. अमानिशाखेतो, नाविदेमाक, शनकदाखेतो या कुशच्या सर्व राण्यांचा बांधा एकच आहे. रंग बदलून तीच आकृती पुन्हा वापरावी, तशी ती कार्डे वाटतात. कुशच्या कलावंतांनी सत्तेला जे शरीर दिले, ते दोन हजार वर्षांनंतरच्या चित्रकाराला सुधारावेसे वाटले, याचे मला खरोखर वाईट वाटते. ज्या मुलीला आपल्या भरदार अंगकाठीमुळे सतत काहीबाही ऐकावे लागते, तिच्या हाती हा संच पडला आणि त्यात नागाच्या भिंतीवरची अमानितोरे जशीच्या तशी उभी असली, तर ते कार्ड तिने जपून ठेवले असते. नव्या आवृत्तीत काही एकच बदल करायचा ठरला, तर तो हाच असावा, असा माझा आग्रह आहे.

अमानिशाखेतोच्या कार्डाचा मजकूर मात्र उत्तम उतरला आहे. मेरोएच्या उत्तर स्मशानभूमीतील तिचा पिरॅमिड १८३४ मध्ये जुझेप्पे फेर्लिनी या इटालियन डॉक्टरने खजिन्याच्या शोधात वरपासून उतरवत नेला आणि त्याला खरोखरच सोने सापडले: मुद्रांकित अंगठ्या, मीना केलेली रुंद कंकणे, देवतांच्या मुखांची आभूषणे. तो ऐवज युरोपात विकला गेला. एक भाग बव्हेरियाच्या राजाने घेतला आणि तो आज म्युनिचमध्ये आहे, दुसरा बर्लिनच्या संग्रहालयात पोहोचला. म्हणजे एकाच राणीचे दागिने दोन शहरांत विभागलेले आहेत आणि जेथे ते ठेवले होते, तो पिरॅमिड ढिगारा होऊन पडला आहे. कार्ड हे सारे कोणताही आवेश न आणता सांगते, फेर्लिनीला साहसी प्रवासी म्हणून गौरवत नाही आणि प्रार्थनागृहातील राणीच्या भाला उगारलेल्या शिल्पाचा उल्लेख करून तिला केवळ दागिन्यांची मालकीण होऊ देत नाही. मेरोए द्वीपातील पुरातन स्थळे २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, ही नोंदही येथेच आहे.

शनकदाखेतोच्या कार्डावर ‘कुशची पहिली राज्यकर्ती राणी, इसवी सनपूर्व १७०’ असे निःशंकपणे छापले आहे. अनेक दशके तसेच मानले जात होते; परंतु तिचे नाव असलेल्या नागा येथील लेखाच्या अक्षरवळणावरून तो लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ठरवला गेल्यावर ते कोष्टक ढासळले. कुशच्या मेरोइटिक लिपीची २३ अक्षरचिन्हे आणि त्यांचे उच्चार ब्रिटिश अभ्यासक ग्रिफिथ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच उलगडले, तरीही ती भाषा अजून फार थोडी समजते. नावे वाचता येतात, पदव्या ओळखता येतात, पण अमानिरेनासच्या त्या मोठ्या शिलापटावर नेमके काय म्हटले आहे ते सलग वाचता येत नाही. रोमशी झालेल्या युद्धाची कुशची बाजू कदाचित तेथेच कोरलेली असावी. संचात या भाषेविषयी अवाक्षर नाही. आपल्या हाती आहे तो वृत्तान्त शत्रुपक्षाने लिहिलेला का आहे, याचे उत्तर याच ठिकाणी दडलेले आहे, आणि मुलांना सर्वाधिक आकर्षित करणारी गोष्टही हीच ठरली असती.

इजिप्तच्या राण्यांची कार्डे ठीक आहेत. बाराव्या घराण्याच्या अखेरीस सुमारे चार वर्षे राज्य करणारी सोबेकनेफेरू आणि दैर अल-बहारीचे देऊळ बांधणारी, पुंटच्या प्रदेशाकडे व्यापारी मोहीम पाठवणारी हत्शेपसुत यांच्याविषयी कोठेही मिळेल तेवढीच माहिती येथे आहे. अपवाद राणी आहोतेपचा. तिच्या दफनपेटीबरोबर मिळालेली कुऱ्हाड, खंजीर आणि सोन्याच्या मोठ्या माश्यांची माळ यांचे छायाचित्र दिले आहे. सोन्याची माशी हा इजिप्तमध्ये रणांगणावरील पराक्रमाशी जोडलेला मान होता, हे सांगून कार्डाने तिला ‘योद्ध्या’च्या गटात घेण्याचे कारण नीट दिले आहे.

यानंतर संच दंतकथांच्या प्रदेशात शिरतो, आणि तेथे त्याची शाई बदलत नाही, हे फार खटकते. शेबाची राणी माकेदा हिच्या आयुष्याचा तपशील इथिओपियात चौदाव्या शतकात सिद्ध झालेल्या ग्रंथपरंपरेतून येतो, म्हणजे ती ज्या काळात होऊन गेली असे सांगतात, त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षांनंतर. इथिओपियाच्या सम्राटांनी आपले कूळ तिच्याशी आणि सॉलोमनशी जोडले आणि १९५५ च्या राज्यघटनेतही ते नमूद केले, त्यामुळे या कथेचे राजकीय महत्त्व निर्विवाद आहे. पण माकेदाचे कार्ड आणि अमानिशाखेतोचे कार्ड एकाच स्वरात, एकाच खात्रीने बोलू लागले की वाचकाची फसगत होते. अमानिशाखेतोची अंगठी काचेमागे ठेवलेली पाहता येते. माकेदाविषयी असे काही दाखवता येत नाही. कंदाकेने हत्तीवर बसून अलेक्झांडरला परत पाठवल्याची गोष्टही संचाने इतिहास म्हणून दिली आहे, वास्तविक अलेक्झांडर कुशमध्ये कधी गेलाच नाही आणि ती कथा त्याच्याविषयीच्या नंतरच्या अद्भुतकथांतली आहे.

या दोन टोकांच्या मधल्या राण्यांना हाताळणे सर्वात अवघड असते. आजच्या अल्जीरियातील ऑरेस डोंगराळ प्रदेशात सातव्या शतकाच्या अखेरीस अरब सेनापती हसन इब्न अल-नुमान याला मागे रेटणारी दिह्या ऐतिहासिक व्यक्ती आहे, पण तिच्याविषयीचे बहुतेक लेखन तिच्या विरुद्ध पक्षाचे आणि शतकांनंतरचे आहे. इथिओपियातील प्राचीन अक्सुम राज्याच्या विध्वंसाशी जोडलेली गुदित हिच्याबाबतही तसेच. दहाव्या शतकातील अरब भूगोलकार इब्न हौकल हबशांच्या देशावर, म्हणजे इथिओपियावर, एका स्त्रीने राज्य बळकावल्याचे नोंदवतो, आणि इथिओपियाची लोकस्मृती तिला क्रूर विध्वंसक म्हणून जतन करते. आजच्या उत्तर नायजेरियातील हौसा प्रदेशातल्या झाझाऊ राज्याची अमीना कानोच्या बखरीत स्पष्ट दिसते: तिने क्वाराराफा आणि नुपेपर्यंतची गावे जिंकली, नुपेच्या राजाने तिला ४० षंढ सेवक आणि १०,००० कोला फळे नजराणा म्हणून पाठवली, तिच्या मोहिमा ३४ वर्षे चालल्या. पण ती बखर तिला पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ठेवते, तर इतर परंपरा सोळाव्या शतकात. कार्डाने सोळावे शतक घेतले, नजराण्याची नोंद गाळली आणि त्याऐवजी प्रत्येक मुक्कामी एका पुरुषाला पकडून सकाळी ठार करण्याची चटकदार कथा छापली. कोला फळांचा तो आकडा व्यापाराच्या वाटा, मांडलिकत्व आणि सत्तेचा पल्ला एका ओळीत दाखवतो. ती ओळ टाकून ही कथा घेणे हा निवडीचा दोष आहे.

खोक्यावर ‘प्राचीन’ हे विशेषण मोठ्या अक्षरांत आहे आणि आत मात्र थेट १९०० सालापर्यंतच्या स्त्रिया आहेत. त्यांना वगळावे असे मी म्हणत नाही, कारण त्यांची कार्डे संचाला उंची देतात. खोक्यावरचे शब्द बदलावेत, एवढेच. आफ्रिकेचा सगळाच इतिहास धूसर आणि ‘प्राचीन’ भासवण्याची जुनी सवय आहे, आणि छापखान्याशी ज्यांचा काळ जुळतो, अशा राण्यांना त्यात ढकलणे योग्य नाही. अंगोलातील न्दोंगो आणि मातांबा यांची न्झिंगा १६६३ मध्ये वारली, म्हणजे ती पूर्णतः पोर्तुगीज कागदपत्रांच्या उजेडातली व्यक्ती आहे. १६२२ मध्ये भावाची वकील म्हणून ती लुआंडाला पोर्तुगीज गव्हर्नरकडे गेली, तिला बसायला खुर्ची दिली नाही, तेव्हा ती आपल्या सेविकेच्या पाठीवर बसली आणि समोरासमोर बोलली, हा प्रसंग कार्डाने उत्तम रंगवला आहे. पुढची चाळीस वर्षे मात्र घाईने उरकली: १६२४ मध्ये सत्ता, मातांबाचा विजय, १६४१ पासून डचांशी युती, डचांनी १६४८ मध्ये काढता पाय घेतल्यावरची लढत आणि शेवटी १६५६ चा तह. तिने गुलामांच्या व्यापारात भाग घेतला, कैद केलेली माणसे विकली आणि बहिणीच्या सुटकेचा मोबदलाही माणसांतच चुकवला, ही बाजू कार्डावर अजिबात नाही. मला न्झिंगा अतिशय मोठी राज्यकर्ती वाटते, आणि म्हणूनच तिचे हे निर्णय लपवलेले आवडत नाहीत. ज्या बाजारात प्रत्येक सत्ता माणसे विकून बंदुका आणि सवलती मिळवत होती, त्या बाजारात राहून तिने राज्य टिकवले, हे कळल्याशिवाय तिचे मोठेपणही कळत नाही आणि त्याची किंमत कोणी मोजली तेही कळत नाही.

आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याची राजमाता इडिया हिचे कार्ड डोळे भरून पाहावे असे आहे, कारण येथे चित्रकाराने स्वतःची कल्पना बाजूला ठेवून हस्तिदंती मुखवटाच समोर ठेवला आहे. सोळाव्या शतकातला, जेमतेम वीतभर उंचीचा हा मुखवटा म्हणजे कपाळावर लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या, जड झुकलेल्या पापण्या आणि केसांच्या महिरपीत ओळीने कोरलेले पोर्तुगीजांचे चिमुकले दाढीवाले चेहरे. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिन लुटल्यावर असे मुखवटे परदेशी गेले. १९७७ मध्ये लागोस येथे भरलेल्या कृष्णवर्णीय आणि आफ्रिकी कलांच्या महोत्सवाने हाच मुखवटा बोधचिन्ह म्हणून निवडला, तेव्हा लंडनमधील मूळ मुखवटा उसनाही मिळाला नाही आणि प्रतिकृतीवर भागवावे लागले. आजच्या घानामधील असांतेंच्या एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिच्या कार्डावर १९०० मध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॉजसनने असांतेंच्या पवित्र सुवर्णासनाची मागणी केली तो प्रसंग, युद्धातील तिचे नेतृत्व आणि सेशेल्स बेटांवरील हद्दपारीत १९२१ मध्ये आलेला मृत्यू हे सारे नेटके आहे. ती संपूर्ण असांते राज्याची राणी नसून एजिसूची राजमाता होती, हेही तेथे अचूक लिहिले आहे.

कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे, कडा गोलसर कापल्यामुळे कार्डे लवकर दुमडत नाहीत. खोक्याचे झाकण मात्र सैल बसते. कालपट सोयीचा असला तरी त्याचे प्रमाण समान नसल्यामुळे कुशची हजार-बाराशे वर्षे बोटभर जागेत कोंबली आहेत आणि शेवटची चारशे वर्षे हातभर पसरली आहेत. नकाशा तर पुन्हा काढायला हवा. त्यावर आजच्या देशांच्या सीमा आहेत, राजधान्यांचे ठिपके आहेत, पण नाईलवरचे धबधबेवजा खडकाळ टप्पे नाहीत. असवानपाशी पहिला टप्पा लागतो, तेथे नावा अडतात, म्हणूनच तेथे सरहद्द आणि लष्करी ठाणी होती, आणि म्हणूनच कुशच्या सैन्याने पहिला घाव तेथे घातला. नदीचा हा स्वभाव नकाशात नसेल, तर अमानिरेनासच्या युद्धाचा नकाशा दिला असे म्हणता येत नाही. अटबरा नदी आणि नाईल यांच्या मधला प्रदेश, ज्याला जुने लेखक मेरोए द्वीप म्हणत, तोही रंगाने वेगळा दाखवलेला नाही.

सुदानमध्ये एप्रिल २०१९ मधील खार्टूमच्या आंदोलनात पांढऱ्या वेशात मोटारीवर उभ्या राहून घोषणा देणाऱ्या तरुणीला लोकांनी कंदाका म्हटले होते, आणि ही नोंद पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेथे युद्ध पेटल्यापासून खार्टूममधील राष्ट्रीय संग्रहालयाच्या लुटीच्या बातम्या आल्या आहेत आणि त्यात कुशचा वारसा सर्वाधिक धोक्यात आहे. पुढच्या आवृत्तीत याची भर घालावी, कारण कार्डावरील वस्तू आज कोठे आहेत, हा प्रश्न कुशच्या बाबतीत अत्यंत निकडीचा झाला आहे.

बारा वर्षांवरील मुलांसाठी, तसेच इतिहास शिकवणाऱ्यांसाठी हा संच मी निश्चित सुचवेन, मात्र वापरण्याची रीत थोडी बदलावी लागेल. कार्डे देण्यापूर्वी त्यांचे तीन ढीग करावेत: ज्यांचे लेख, थडगी किंवा वस्तू हाती आहेत त्या, ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले आहे त्या, आणि ज्या प्रामुख्याने परंपरेत जगतात त्या. अमानितोरेचे कार्ड देताना नागाच्या द्वारशिल्पाचे छायाचित्र शेजारी ठेवावे, आणि आधी शिल्प दाखवून मगच कार्डावरचे चित्र दाखवावे.